कुंपणाच्या कोपऱ्यावरची राड

पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी चांदणी चौकातून पिरंगुटकडं निघालेल्या गाड्या जरा निरखून बघा. उंच, दणकट, टपावर दिव्यांची पट्टी, मागच्या काचेवर डोंगरांचं स्टिकर. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी चिखल हवाच असतो, आणि मुळशी तालुका कुणाला निराश करत नाही. दुपारपर्यंत कुठल्यातरी पठारावर एखादी गाडी पोटावर बसते आणि खालच्या वाडीत ट्रॅक्टरसाठी फोन जातो. माझ्या मामांच्या गावात अशी गाडी ओढून काढायचा दर ठरलेला आहे आणि तो गाडीच्या किमतीप्रमाणं वाढतो. मामा हे हसत सांगतात, पण थट्टा नसावी.

या हौसेच्या चिखलाबद्दल माझं काही म्हणणं नाही. रुतायचं, फोटो काढायचे, मिसळ खाऊन घरी यायचं, कुणाचं काही बिघडत नाही (पठारावरच्या गवताचं बिघडतं, पण ते वेगळं भांडण आहे). मला सांगायचंय ते दुसऱ्या चिखलाचं. जो कुणालाच नको असतो आणि दिवसातून दोनदा तुडवावाच लागतो.

मामांचं गाव कोळवण खोऱ्यात आहे. पाऊस जरा उघडला की अंगणातून तिकोना दिसतो, नाहीतर समोरचा गोठासुद्धा धड दिसत नाही. पुणे शहरात वर्षभरात ७०० मिलिमीटरच्या आगंमागं पाऊस पडतो आणि तेवढ्यावर आपले रस्ते तुंबतात. तिथून पश्चिमेला, ताम्हिणीच्या अंगाला सरकत जावं तसा तो आकडा कित्येक पटींनी वाढत जातो. तो मोजायला गावात कुणाला सवड नसते, कारण तेव्हा सगळं गाव खाचरात वाकलेलं असतं. पूर्वी आंबेमोहोर असायचा, आता बहुतेक इंद्रायणी. लावणी सुरू झाली की गुरांना खालची सगळी रानं बंद. रोप कोवळं, बांध ओले. एक जनावर बांधावरून घसरलं तरी वरच्या खाचराचं पाणी खालच्यात फुटतं आणि दोन घरांत महिनाभर बोलणं बंद होतं. म्हणून आषाढापासून भात निघेपर्यंत गुरं सकाळी वरच्या माळावर न्यायची आणि संध्याकाळी उतरवायची. कापणी झाली की शिवार मोकळं. मग कुणाचं जनावर कुणाच्या रानात, कुणी विचारत नाही.

गाई, बैलजोडी, दोन म्हशी, कालवडी आणि खोंडं धरून मामांची पंधरा-सोळा जनावरं आहेत. वाडीतल्या इतर घरांची त्यात मिसळली की चाळीस-एक होतात. एके काळी राखोळीला एखादा पोरगा मिळायचा. आता पोरं पिरंगुटच्या कंपन्यांत पाळीवर जातात, म्हणून मामा स्वतः जातात, आणि मी सुट्टी काढून गेलेली असले की त्यांच्यामागं मी. "म्हातारा नि पाव्हणी, बरी राखोळी गावली गुरांना," असं मामी दर वेळी म्हणते.

गुरं हाकणं म्हणजे काठी आणि आरडाओरडा, असं न हाकलेल्यांना वाटतं. मामा फारसे बोलतच नाहीत. चालतात मागून, पण नेमके मागं नाही, जरा डाव्या अंगाला तिरके. एखादं जनावर रेंगाळलं की त्याच्या फऱ्याच्या बाजूनं दोन पावलं जवळ जातात. ते चालू लागलं की तेवढीच दोन पावलं मागं. एखादं खोंड पुढं सुसाट निघालं तर बाजूनं झपाझप त्याच्या खांद्याच्या पुढं जाऊन नुसते उभे राहतात. खोंड थांबतं. मला वाटायचं, ही मामांची आणि त्यांच्या गुरांची आपसातली ओळख असणार. पुढं टेंपल ग्रँडिन या अमेरिकी बाईंचं लिखाण वाचनात आलं. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात त्यांनी गुरांच्या वागण्यावर उभं आयुष्य घातलंय. गाईला मान न वळवता जवळजवळ चौफेर दिसतं. शेपटीच्या नेमकं मागं तेवढं दिसत नाही. माणूस तिच्या खांद्याच्या मागच्या बाजूला आला की ती पुढं सरकते, खांद्याच्या पुढं आला की थांबते किंवा मागं वळते. शिवाय दर जनावराभोवती एक न दिसणारं रिंगण असतं. त्याच्या काठाकाठानं आत-बाहेर करायचं. एकदम आत घुसलं की ते उधळणार. शेकडो गुरं एका कुरणातून दुसऱ्या कुरणात न्यायची असतात त्या रँचांवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या रानांवर, हे रीतसर शिकवलं जातं.

मी मामांना मोबाईलवर असा एक व्हिडिओ दाखवला. घोड्यावरची माणसं, शे-दोनशे काळी गुरं, त्यांच्यामागं धावणारं एक कुत्रं, नजर पोचेल तिथवर गवत. मामांनी तो शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाले, "एवढी मोकळी जागा हाय, तर घोडं कशाला पायजे? गुरं आपसूक जात्यात की." मग जरा थांबून, "आन् त्या कुत्र्याला आवर म्हणावं."

ग्रँडिन बाईंनी लिहिलेली आणखी एक गोष्ट आमच्याकडं पावसाळाभर दिसते. गुरं सावलीला बिचकतात, तशी चमकत्या पाण्याला बिचकतात. वाटेतल्या डबक्यात आभाळ चकाकलं की म्होरकी गाय थबकते. मान खाली घालते, नाक पाण्याला टेकेल न टेकेल इतकं आणते, फुरफुरते. तिला तळ दिसत नसतो. अशा वेळी मागून काठी घातली तर ती बाजूला उडी टाकते, आणि बाजूला बहुधा कुणाचं तरी खाचर असतं. मामा थांबतात, तंबाखू मळतात. तेवढ्यात ती एक खूर पुढं टाकते, दाबून बघते, मग दुसरा. ती पार झाली की बाकीची सगळी तिच्या पावलावर पाऊल टाकून जातात.

या खुराचं मला फार नवल वाटतं. गाईचा सगळा भार एवढ्याशा चार खुरांवर असतो, त्यामुळं खुराखाली जमिनीवर येणारा दाब ट्रॅक्टरच्या रुंद चाकाखालच्या दाबापेक्षाही जास्त भरू शकतो. म्हणजे हिशेबानं गाय आधी रुतायला हवी. तशी ती रुततेही, चांगली गुडघ्यापर्यंत. पण खूर दुभंगलेला असतो. आत जाताना दोन्ही नख्या फाकतात, वर येताना मिटतात, फटीतून हवा शिरते आणि चिखलाची खालची ओढ सुटते. घोड्याची अखंड टाप अशा जागी अडकून बसते. म्हशीला तर चिखल म्हणजे माहेर. तिचे खूर रुंद, सांधे ढिले, ती मजेत जाते. आणि खरं म्हणजे जनावराला पाय उचलता येतो. चाकाला तेवढंच जमत नाही. ते आहे त्या जागी फिरतं आणि फिरेल तसं खणत जातं.

मग ट्रॅक्टर खाचरात कसा चालतो, असं कुणी विचारेल. पण खाचरातला चिखल मुद्दाम केलेला असतो. वर्षानुवर्षांच्या चिखलणीनं वरची वीतभर माती घोटली जाते आणि तिच्या खाली एक घट्ट थर धरतो. पाणी त्या थरावर अडतं, म्हणून तर खाचर भरलेलं राहतं. लोखंडी पिंजऱ्याची चाकं वरचा लगदा कापत जाऊन त्या थरावर टेकतात. वाटेवरच्या राडीखाली असा थर नसतो. तिचा तळ रोज थोडा खाली जातो.

आमची जुनी गुरवाट वाडीच्या मागून निघायची, मुरमाच्या पाठीवरून तिरकी चढायची आणि एका जांभळापाशी उजवीकडं वळून माळावर जायची. ती कुणी आखली नव्हती. गुरांनी पाडली आणि माणसांनी मानली. मुरमावर पाणी ठरत नाही. कुठं ठरलंच तर गुरं चार हात वरून जायची, पुढच्या साली आणखी चार हात. वाट अशी जागा बदलत राहायची. त्यामुळं एकाच ठिकाणी तुडवण होत नसे.

काही वर्षांपूर्वी त्या उतारावरची दोन-अडीच एकर पुण्यातल्या एका गृहस्थांनी घेतली. त्यांनी काही वावगं केलं असं नाही. ज्यांची होती त्यांनी राजीखुशीनं विकली, मुलीचं लग्न उरकलं, कर्ज फेडलं. सातबारा चोख होता. गुरवाट काही त्यावर नव्हती. मोजणी झाली, सिमेंटचे खांब आले, जाळी आली, फाटक आलं, फाटकावर कॅमेरा आला. आत लॉन आलं. जांभूळ त्यांनी राखलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्याच्या बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे मारले, भोवती पार बांधला.

गुरांसाठी उरली ती कुंपण आणि ओढा यांच्यामधली चिंचोळी पट्टी, सगळ्यात सखल. आपल्याकडं बेसाल्टचे थर एकावर एक असतात. वरच्या झिजलेल्या, सच्छिद्र थरातून पाणी मुरत जातं आणि खाली सलग कातळ लागला की उताराच्या पायथ्याशी पाझर होऊन बाहेर पडतं. तो पाझर बरोबर या पट्टीत आहे. पूर्वी तिकडं कुणी फिरकत नव्हतं, म्हणून तो गुडघाभर गवताचा ओलसर हिरवा तुकडा होता. बेडूक-खेकडे सोडले तर त्याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं. आता चाळीस जनावरं रोज सकाळ-संध्याकाळ त्या आठ-दहा फुटांतून जातात. आधी गवत गेलं, मग गवताची मुळं गेली. मग खुरांचे खड्डे, खड्ड्यांत पाणी, पाण्यात पुन्हा खूर. आषाढ संपेपर्यंत कुंपणाच्या कोपऱ्यावर गाईच्या पोटाला चिखल लागू लागला. पाऊस पूर्वीही एवढाच पडत होता. वाट आखडली म्हणून राड झाली.

रँचवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. हजारो एकरांचं रान असलं तरी चिखल होतो तो फाटकापाशी आणि पाण्याच्या टाकीपाशी, जिथं सगळी गुरं एका जागी गोळा होतात. म्हणून तिथं ते खडी अंथरतात, फाटकाच्या जागा आलटून-पालटून वापरतात. आम्हाला आलटायला दुसरं फाटकच नव्हतं.

ओल्यात सतत राहून खुरांमधली कातडी मऊ पडते, खडा घुसतो, जखम चिघळते, वास सुटतो. जनावर लंगडायला लागतं, दूध कमी होतं. घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लशी पावसाआधी सरकारी दवाखान्याचे लोक येऊन टोचून जातात. खुरांचं मात्र मामीच बघते. रात्री घमेल्यात मोरचुदाचं निळं पाणी करते, एकेक पाय त्यात बुडवते, आणि त्या वेळी कुंपणवाल्यांचा उद्धार चालू असतो.

गेल्या पावसाळ्यात मी गेले तेव्हा माळावरच्या खोपीचे पत्रे वाऱ्यानं उडाले होते. व्यायला आलेली जनावरं मामा रात्रीची वरच ठेवतात, त्यामुळं पत्रे घालणं भागच होतं. शेजारच्या मुलानं हप्त्यावर पिकअप घेतलीय. नवे पत्रे, लोखंडी अँगल आणि सरकी पेंडीची पोती भरून दुपारी आम्ही निघालो. मामा मागं पत्र्यांवर बसले, वजन म्हणून. पट्टीच्या तोंडाशी मुलानं गाडी थांबवली, पहिला गिअर टाकला, मनात काहीतरी म्हटलं आणि घातली. कोपऱ्यापर्यंत आली. कोपऱ्यावर मागचा भाग अलगद खाली बसला.

मुलानं साहजिकच ॲक्सिलरेटर दाबला. पिकअपला जोर मागच्या चाकांचा, आणि साध्या डिफरन्शिअलची (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीची) खोड अशी की ज्या चाकाला पकड नाही त्याच्यावरच तो सगळा जोर वाया जातो. डावं चाक गरागरा फिरत होतं, उजवं जागचं हलत नव्हतं. चिखलाचा फवारा जाळीवर, जाळीतून लॉनवर. डिझेलचा आणि जळक्या क्लचचा वास. दर रेसला गाडी बोटभर खाली जात होती. शेवटी तो डिफरन्शिअल चिखलावर टेकला आणि चाक नुसतं पाण्यात हात मारल्यासारखं फिरायला लागलं. मामांनी टपावर थाप मारली. "बंद कर. आता तू नांगरतुयास."

मग खरं काम सुरू झालं. पत्रे आणि पोती उतरवून बांधावर रचली. जॅक लावला तर जॅकच खाली जायला लागला, म्हणून त्याच्याखाली फळी घातली. चाक वर आलं तसं त्याच्याखाली ओढ्यातले चपटे दगड आणि निरगुडीच्या फांद्या कोंबल्या. टायरमधली हवा निम्मी सोडू म्हटलं, म्हणजे टायर पसरतो आणि जास्त जागेवर टेकतो, तर मुलगा हवा सोडेना. "परत भरायला कोळवणला जाऊ का?" अखेर मामांनी सायकलचा पंप आणून द्यायचं कबूल केल्यावर त्यानं काडीनं व्हॉल्व्ह दाबला. खरं तर मुळशीची माती त्या मानानं सोशीक. आमची आत्या इंदापूरकडं असते. तिथल्या काळ्या रानात पहिल्या पावसानंतर गाडी घातली तर चिखल टायरच्या नक्षीत भरून टायर गुळगुळीत होतो, मडगार्डमध्ये थापला जातो आणि चाकच फिरायचं थांबतं. त्या मातीतली चिकणखनिजं पाणी पिऊन फुगतात. त्याच जातीच्या मातीला मोंटाना-डकोटाकडचे गुराखी गंबो म्हणतात आणि आपल्याइतक्याच शिव्या देतात.

इतकं करूनही पिकअप हलली नाही. ट्रॅक्टर बोलावला. तो खालच्या बाजूनं आला, आणि साखळी कुठं बांधायची यावर अर्धा तास गेला. ट्रॅक्टरवाला तरुण, त्याला वरच्या हुकाला बांधायची होती, चिखलात वाकायला नको म्हणून. मामा ठाम. साखळी खालच्या ओढदांड्यालाच. वर बांधून जोर लावला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागच्या मागं उलटतो, चालवणाऱ्यासकट. खोऱ्यात असं झालेलं आहे. साखळी ताणायच्या आधी मामांनी आम्हा सगळ्यांना लांब उभं केलं. तुटलेली साखळी कुणाच्या नडगीवर येईल ते सांगता येत नाही.

आणि नेमकी तेव्हा वरून गुरं आली.

त्यांना कुणी आणलं नव्हतं. पाच वाजले होते, वासरं खाली गोठ्यात बांधलेली, गाईंच्या कासा तटतटलेल्या. त्यांना घराची वाट कुणी दाखवावी लागत नाही. म्होरकी पिकअपपाशी येऊन थांबली आणि तिच्यामागं सगळी. एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला भरून चाललेला ओढा, मध्ये गाडी. मागची पुढच्यांना रेटायला लागली. एका तांबड्या कालवडीला पिकअप आणि ओढा यांच्यामध्ये हातभर जागा दिसली, ती तिथून निघाली आणि पोटापर्यंत बसली. पहिल्यांदा तिनं धडपड केली. मग मान टाकली.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, शिंगाला दोर टाका, ओढतो. मामा त्याच्यावर असे खेकसले की मी दचकले. जनावर मानेनं किंवा शिंगानं ओढलं की मान जाते, पायाला धरून ओढलं की सांधा निखळतो. शिवाय बराच वेळ तसंच अडकलं तर अंगाच्या भारानं पाय बधिर होतात आणि बाहेर काढूनही ते उठत नाही. मामा तिच्याशेजारी चिखलात उतरले. हातानंच पुढच्या एका पायाभोवतीचा चिखल उपसायला लागले, खुरापर्यंत हात घालून. खळकन आवाज आला, पाय सुटला. मग दुसरा. पेंडीची पोती रिकामी करून तिच्या पुढच्या पायांच्या मागून, छातीखालून घातली. दोन्ही बाजूंनी ती धरून आम्ही तिला डुलवायला लागलो, डावीकडं, उजवीकडं. "उचलू नगा. ती उठंल. तुम्ही नुसतं सुटं करा." ती उठली. उभी राहिली, थरथरली, आणि मामांच्या सदऱ्याला नाक पुसलं.

बाकीच्या गुरांचं काय करायचं हा प्रश्न उरलाच होता. अंधारून येत होतं. कुंपणाच्या आतून वॉचमन हे सगळं बघत होता. तो पलीकडच्या वाडीतलाच, मामीच्या नात्यातला. काही न बोलता तो खोलीत गेला, पक्कड घेऊन आला आणि वरच्या कोपऱ्यातल्या खांबाची बाइंडिंग वायर सोडून जाळी मोकळी केली. मग खाली जाऊन फाटक सताड उघडलं. मामांनी गुरांना वळवलंसुद्धा नाही, नुसते कडेला झाले. म्होरकी आत शिरली. लॉनवर पाऊल टाकण्याआधी तिनं ते हुंगलं, मग सरळ त्या रंगवलेल्या जांभळापाशी गेली, पाराला वळसा घातला आणि तिरकी उतरायला लागली. तिच्यामागं चाळीस जनावरं. त्यांतल्या निम्म्यांनी ती वाट जन्मात बघितलेली नव्हती. दहा मिनिटांत सगळी फाटकाबाहेर. कॅमेऱ्यानं ते मालकांना कळवलं असणार, कारण वॉचमनच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. त्यानं तो काढून बघितला आणि परत खिशात ठेवला.

पिकअप रात्री आठला निघाली.

तारेच्या कुंपणानं गुरांची वाट अडवण्याची गोष्ट अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलेली आहे. १८६७ पासून टेक्सासमधून लाखो गुरं चिझम ट्रेलवरून चालत कॅन्ससच्या ॲबिलीन या रेल्वे ठाण्याकडं नेली जात. वाटेत रान मोकळं होतं. १८७४ साली जोसेफ ग्लिडननं काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते मोकळं रान संपलं. टेक्सासच्या उत्तर टोकाला तर उत्तरेकडून भरकटत येणारी गुरं अडवायला लांबच लांब कुंपण घातलं होतं. १८८६ च्या जानेवारीत हिमवादळ आलं, तेव्हा वाऱ्याला पाठ करून दक्षिणेकडं निघालेली गुरं त्या तारेपाशी येऊन अडली, एकमेकांवर चढली आणि तिथंच गोठून मेली. आमच्या कोपऱ्यावर एक कालवड पोटापर्यंत बसली, एवढंच. पण जाळीला रेटून उभी राहिलेली ती चाळीस गुरं बघितल्यापासून टेक्सासची गोष्ट मला पुस्तकातली वाटत नाही.

आपल्याकडं यावर कायदा आहे, आणि जुना आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली, वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदाराकडं दावा करता येतो. फक्त तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. आता बघा, कुंपणं घातली जातात दिवाळीनंतर, जमीन वाळलेली आणि मजूर मोकळे असतात तेव्हा. त्यानंतर मे अखेरपर्यंत शिवार मोकळंच, गुरं कुठूनही जातात, वाट अडलीय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ध्यानात येतं जुलैत, चिखलात. तोवर सहा महिने होऊन गेलेले असतात. हा कायदा करणाऱ्यांच्या घरी गुरं नसावीत. दुसरा रस्ता १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमातल्या कलम १४३ चा, म्हणजे स्वतःच्या शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागायची. मामांची माळावर थोडी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन आहे, म्हणून त्यांनी तो अर्ज पौडच्या तहसील कचेरीत देऊन ठेवलाय. तारखा पडतात.

त्या संध्याकाळनंतरच्या रविवारी मालक स्वतः आले. मला वाटलं भांडण होणार. गृहस्थ सभ्य होते, बोटं नाचवून वाद घालणारे नव्हते. त्यांनी लॉनवरचे खुरांचे ठसे बघितले, कोपऱ्यावरची राड बघितली, बुटाच्या टोकानं चाचपून बघितली आणि बूट काढून घेताना मोजाही गमावला. म्हणाले, "काका, ठरावीक वेळ सांगा, तेवढ्यापुरतं उघडून देतो."

"गुरं पाचाला येत्यात," मामा म्हणाले. "रोज. उशीर झाला तर तुमच्या वॉचमनचाच व्हईल."

"पण शेण पडेल हो सगळीकडं."

"पडलं तर ठिवून घ्या. आम्ही मागायला येणार न्हाय."

वरच्या कडेनं दहा-बारा फुटांची पट्टी कायमची सोडायला ते तयार आहेत, असं परवा मामा सांगत होते. पण आर्किटेक्टनं आंब्याची रोपं नेमकी तिथंच आखलीत, तर ती हलवावी लागतील, आणि मालकीणबाईंना ते पसंत नाही. लेखी मात्र काही नाही. ग्रामपंचायतीनं कोपऱ्यावर मुरूम टाकून द्यायचं कबूल केलंय, पण पाझराला वाट काढून न देता मुरूम टाकला तर दोन पावसांत तोही खाली जाईल, हे मामांनी सरपंचांना दोनदा सांगून झालंय. आधी दगड भरून चर काढा, पाणी ओढ्यात सोडा, मग मुरूम. सरपंच म्हणतात, चराचं बजेट वेगळं असतं.

काल रात्री मामांचा फोन आला. लावणीला माणसं मिळत नाहीत, म्हैस व्यायली, रेडी झाली, हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "येताना मोरचूद आण किलोभर. आन् मंडईच्या बाजूला चांगली पक्कड मिळती बघ, ती एक आण. वॉचमनची मोडली."